शून्य पक्का, शंभर हलता

पाणी ० अंशाला गोठते आणि १०० अंशाला उकळते, हे शाळेत पाठ होते. पण या दोन खुणा सारख्या भरवशाच्या नाहीत. आंदेर्स सेल्सियस यांनी १७४२ मध्ये आपली मापनश्रेणी मांडली, तेव्हाच त्यांना हे ठाऊक होते: बर्फ वितळण्याचे तापमान जवळजवळ ढळत नाही, उकळण्याचे मात्र हवेच्या दाबाबरोबर बदलते. (त्यांच्या श्रेणीत उकळते पाणी ० वर आणि बर्फ १०० वर होता, आजचा सुलटा क्रम नंतर आला.) फॅरनहाइट श्रेणीत याच खुणा ३२ आणि २१२ वर येतात. मधले अंतर १८० अंशांचे, म्हणून सेल्सियसचा एक अंश म्हणजे फॅरनहाइटचे १.८ अंश.

तापमापी तपासायची असेल तर शून्यापासून सुरुवात करावी. डिस्टिल्ड पाण्याच्या बर्फाचा बारीक चुरा भांड्यात गच्च भरा आणि फटी भरण्यापुरतेच डिस्टिल्ड पाणी ओता. चुरा ओलसर, पारदर्शक दिसू लागला की तापमापीचा फुगा मधोमध खोचा, पारा स्थिरावू द्या आणि मगच आकडा वाचा. नेहमीची चूक म्हणजे पाणी जास्त होणे. मग बर्फ वर तरंगतो आणि तळाशी ४ अंशांच्या आसपासचे जड पाणी साचते. उलट, फ्रीझरमधून काढलेला कोरडा बर्फाचा चुरा शून्याच्या बराच खाली असतो.

वरच्या खुणेसाठी फुगा पाण्यात बुडवू नका, पाण्याच्या वर वाफेत धरा. विरघळलेल्या क्षारांमुळे उकळते पाणी थोडे जास्त तापते, गुळगुळीत भांड्यात तर बुडबुडे धरेपर्यंत उत्कलनबिंदूच्याही वर जाते. फुग्यावर द्रवणारी वाफ मात्र त्या दाबाचे खरे तापमान दाखवते. पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर दाबाला १०० अंश धरा. त्याच्या आसपास दर २७ मिलिमीटर घटीला साधारण १ अंश वजा करा. दाब तुमच्या जागेवरचाच हवा. हवामानाच्या बातम्यांत येणारा दाब समुद्रसपाटीला जुळवलेला असतो. तो घेतला तर उंचावरची चांगली तापमापीही खोटी ठरेल.

समजा, दाब ७०७ मिलिमीटर आहे. वाफ ९८.० अंशांवर हवी. तापमापी बर्फात ०.५ आणि वाफेत ९८.९ दाखवते. कोणत्याही वाचनातून आधी ०.५ वजा करा, मग ९८.० ने गुणून ९८.४ ने (म्हणजे ९८.९ वजा ०.५) भागा. ५०.५ चे खरे तापमान ४९.८ निघते.

या हलत्या शंभरामुळेच शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये केल्विन या तापमानाच्या वैज्ञानिक एककासाठी पाण्याचा त्रिकबिंदू निवडला. बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र टिकतात ते तापमान एकच, २७३.१६ केल्विन, म्हणजे ०.०१ अंश सेल्सियस. २०१९ पासून केल्विनची व्याख्या बोल्ट्झमन स्थिरांकावर, म्हणजे तापमान आणि ऊर्जा यांना जोडणाऱ्या ठरावीक आकड्यावर, आधारलेली आहे. आणि नेमके मोजले, तर प्रमाण वायुदाबाला (७६० मिलिमीटर) पाणी १०० नव्हे, सुमारे ९९.९७ अंशांना उकळते.