इंधन तापमान सेन्सर व त्याचे वायरिंग : दोषनिदान

इंधन तापमान सेन्सर म्हणजे डिझेल एंजिनाच्या इंधनमार्गात बसवलेला, डिझेल किती तापले आहे हे ईसीयूला, म्हणजे एंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला, कळवणारा छोटा भाग. बहुतेक एंजिनांत त्याला दोन वायरी असतात आणि आत एक थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की थर्मिस्टरचा रोध उतरतो. सेन्सरची जागा एंजिनागणिक बदलते. फिल्टरच्या डोक्यावर, हाय प्रेशर पंपाच्या तोंडाशी किंवा उरलेले डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या रिटर्न लाइनवर तो सापडतो. काही रोटरी पंपांत तो पंपाच्या आतच, इंधनाची मात्रा ठरवणाऱ्या यंत्रणेजवळ असतो. तिथे हात घालण्यापूर्वी वायरिंगची शंका पुरती फेडून घ्यावी, कारण ती यंत्रणा केसभर सरकली तरी इंधनाची मात्रा बदलते.

तापमान १० अंशांनी चढले की डिझेलचे आकारमान साधारण ०.८ टक्के वाढते. म्हणजे तेवढ्याच आकारमानात कमी वजनाचे इंधन जाते. शिवाय ते पातळ होऊन पंपात आणि इंजेक्टरमध्ये जास्त गळते. ईसीयू या दोन्हींची भरपाई सेन्सरच्या आकड्यावरून करतो आणि इंधन फार तापले तर एंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतो. वायर सरळ तुटली तर ईसीयूत दोषाचा कोड येतो, ईसीयू एक ठरीव तापमान धरून चालतो आणि गाडी सहसा थांबत नाही. खरा त्रास देतो तो खोटा पण पटण्याजोगा आकडा: कोड नाही, दिवा नाही, आणि गाडी मात्र चढावर ओढत नाही.

ईसीयू आपल्या आतल्या एका रोधातून सिग्नलच्या वायरीवर ५ व्होल्ट सोडतो. दुसरी वायर सेन्सरची अर्थ (ग्राउंड, ऋण बाजू) असते. ती बॉडीला न जोडता ईसीयूकडेच परत जाते आणि पुष्कळदा पाण्याच्या व हवेच्या तापमान सेन्सरांनाही तीच असते. सेन्सर आणि आतला रोध यांच्यात ५ व्होल्टची वाटणी होते. आतला रोध २.२ किलोओहम असेल तर पुढे दिलेल्या रोधांनुसार सिग्नलवर २० अंशांना सुमारे २.७ आणि ८० अंशांना सुमारे ०.६४ व्होल्ट दिसतील. हा आतला रोध ईसीयूप्रमाणे वेगळा असतो, त्यामुळे एका गाडीचे व्होल्टेज दुसरीला लावू नये. बॉश पद्धतीच्या थर्मिस्टरचा रोध ० अंशांना सुमारे ५.९ किलोओहम, २० अंशांना २.५ किलोओहम, ४० अंशांना ११७५ ओहम, ६० अंशांना ५९६ ओहम आणि ८० अंशांना ३२३ ओहम भरतो. दुसऱ्या घडणीच्या सेन्सरचा तक्ता वेगळा असू शकतो.

कोड वाचताना पी०१८० म्हणजे सर्किटमध्ये दोष, पी०१८१ म्हणजे आकडा न पटणारा, पी०१८२ म्हणजे सिग्नल फार खाली, पी०१८३ म्हणजे फार वर आणि पी०१८४ म्हणजे अधूनमधून तुटणारा. अवजड वाहनांत हेच एसपीएन (कोणत्या भागात दोष आहे तो क्रमांक) १७४ खाली येते. तिथे एफएमआय (दोषाचा प्रकार) ३ म्हणजे व्होल्टेज जास्त आणि ४ म्हणजे कमी. इथे एक घोटाळा नेहमी होतो. ‘सिग्नल वर’ म्हणजे इंधन गरम असे वाटते, पण ते उलटे आहे. वायर तुटली की सिग्नल ५ व्होल्टला जातो आणि ईसीयूचे आकडे वाचणारा स्कॅनर उणे ४० अंश दाखवतो. सिग्नल अर्थला टेकला की शून्य व्होल्ट होऊन आकडा गरम टोकाला जातो.

तपासणीचा क्रम

हत्यारांना हात लावण्याआधी थंड गाडीचा पडताळा घ्यावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, स्टार्टर न मारता नुसते इग्निशन लावून इंधन, पाणी आणि आत येणारी हवा यांची तापमाने स्कॅनरवर एकत्र पाहावीत. ती पाचएक अंशांच्या आत असली पाहिजेत. पाणी आणि हवा २६ वर असताना इंधन ४१ दाखवत असेल, तर कोड असो वा नसो, दोष आहे. तिन्ही आकडे एकदमच भरकटले असतील तर सेन्सर सोडून सामायिक अर्थची वायर धरावी.

मग सेन्सरचा कनेक्टर काढावा. आकडा उणे ४० ला गेला पाहिजे. न जाता गरमच राहिला तर सिग्नलची वायर कुठेतरी अर्थला टेकते आहे. आता इग्निशन चालू ठेवून हार्नेसच्या, म्हणजे ईसीयूकडून येणाऱ्या वायरींच्या जुडग्याच्या, बाजूचे व्होल्टेज मोजावे. ५ च्या आसपास हवे. १२ व्होल्ट मिळाले तर पुढची चाचणी करू नये, आधी बॅटरीशी झालेला शॉर्ट शोधावा. ५ ठीक असतील तर हार्नेसच्या दोन्ही पिना बारीक वायरीने जोडाव्यात. ईसीयूच्या आतल्या रोधामुळे प्रवाह काही मिलिअँपियरच राहतो, त्यामुळे धोका नाही. आकडा गरम टोकाला गेला तर वायरिंग आणि ईसीयू मुळात जिवंत आहेत, संशय सेन्सरवर. नाही गेला तर सिग्नलची पिन बॅटरीच्या ऋण टोकाला लावून पाहावी. त्याने हलला तर सेन्सरची अर्थ तुटली आहे. त्यानेही नाही हलला तर सिग्नलची वायर, पिन किंवा ईसीयू.

या वायरींवर टेस्ट लॅम्प लावू नये, तो ईसीयूचे नुकसान करू शकतो. इन्सुलेशनमध्ये सुई खुपसणेही टाळावे. त्या भोकातून पाणी शिरते आणि काही महिन्यांनी तिथेच नवा दोष उगवतो. कनेक्टरच्या पाठीमागून बारीक प्रोब घालावा. पुढून जाड प्रोब घातला की मादी पिन रुंदावते आणि पूर्वी नसलेला लूज कॉन्टॅक्ट तयार होतो.

खोलून काढलेला सेन्सर तपासायचा तर त्याचे टोक पाण्यात बुडवून, कनेक्टर कोरडा ठेवून, पाणी हळूहळू तापवत थर्मामीटरशेजारी रोध नोंदवावा. रोध सलग उतरत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली तर आतली जोडणी उघडते आहे.

वायरिंगचा दोष कधी दिसतो

पिना जोडून पाहण्याच्या चाचणीत पास झालेले वायरिंगही खोटे बोलू शकते. पिनेवर गंज चढून मार्गात १०० ओहम वाढले असे धरू. २० अंशांना २५०० चे २६०० होतात, आकडा जेमतेम १ अंश चुकतो. पण ८० अंशांना ३२३ चे ४२३ होतात आणि ईसीयूला ८० ऐवजी ७१ अंश वाटतात. उलट कनेक्टरमध्ये ओल शिरून दोन पिनांमध्ये १० किलोओहमची चोरवाट झाली, तर ८० अंशांना फरक १ अंशाचा, २० अंशांना मात्र आकडा साधारण २५ ते २६ होतो आणि ० अंशांना १० च्या पुढे जातो. थोडक्यात, गंज गरम एंजिनात पकडावा, ओल थंड एंजिनात. थंडगार गाडीवर मल्टिमीटर लावून ‘वायरिंग ठीक’ असा शेरा देणारे पहिल्या जातीच्या दोषाला हमखास चुकतात.

हार्नेस मोजताना सेन्सर आणि ईसीयू दोन्हीकडचे कनेक्टर काढावेत. प्रत्येक वायर टोकापासून टोकापर्यंत १ ओहमच्या आत, आणि दोन वायरींमध्ये व बॉडीशी रोध अनंत हवा. मापन चालू ठेवून हार्नेस क्लिपांपाशी, वळणांवर आणि एंजिनाकडून बॉडीकडे जाते तिथे हलवावा.

डिझेल स्वतः वीज वाहून नेत नाही, पण रबरी सील फुगवते आणि गळक्या सेन्सरमधून तारांच्या पेडांमधून झिरपत दूरच्या कनेक्टरपर्यंत पोहोचते. पिना ओल्या आणि चिकट दिसल्या तर नुसते पुसून भागत नाही, गळणारा सेन्सर बदलावा लागतो. हिरवट पूड दिसली तर ते पाण्याचे काम.

आकडा जास्त आहे म्हणून दर वेळी सेन्सर दोषी नसतो. टाकीतले इंधन तळाला गेलेले असणे, इंधन कूलर बुजणे किंवा इंजेक्टरांचा रिटर्न फार वाढणे, यांनी डिझेल खरेच तापते. सेन्सरजवळच्या पाइपवर तापमापक धरून खात्री करावी. इन्फ्रारेड असेल तर चकचकीत धातूवर काळी टेप लावून, नाहीतर तो कमी दाखवतो.

बदलताना एंजिन बंद करून दाब उतरू द्यावा. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरांना दाबाचे डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीच्या) हाय प्रेशर लाइनचा नट एंजिन चालू असताना कधीही सैल करू नये. ओ-रिंग नवी घालावी, नंतर हवा काढावी. वायर जोडताना दोन्ही जोड एकासमोर एक येऊ देऊ नयेत, आत गोंद असलेली आवळणारी नळी चढवावी आणि हार्नेस एक्झॉस्टपासून दूर, थोडा सैल ठेवून बांधावा. कोड पुसून एंजिन पूर्ण तापेपर्यंत गाडी चालवावी आणि आकडा सलग चढतो का ते पाहावे. दुसऱ्या सकाळी थंड गाडीचा पडताळा पुन्हा घ्यावा.