नॅनो मरीन टाकी

नॅनो मरीन टाकी म्हणजे साधारण 20 ते 80 लिटर खाऱ्या पाण्याची घरगुती टाकी. तिच्यात मासे एखाद-दुसरे असतात किंवा नसतातच. राबता असतो तो कोळंब्या, शंख, शंखवासी खेकडे (रिकाम्या शंखात राहणारे) आणि पिसारी किडे (नळीत राहून पिसांसारखा झुपका बाहेर काढणारे) अशा अपृष्ठवंशी प्राण्यांचा. याहून लहान टाकीला शौकीन मंडळी ‘पिको’ म्हणतात. टाकी लहान म्हणजे काम सोपे, असे नवख्याला वाटते आणि दुकानदारही ते खोडून काढत नाही. प्रत्यक्षात चारशे लिटरच्या टाकीत जी चूक आठवडाभर कळतही नाही, ती चाळीस लिटरमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी पडलेली दिसते.

पाणी आणि मीठ

मासा आपल्या अंगातल्या मिठाचा हिशेब स्वतः ठेवतो. बाहेरचे पाणी थोडे खारट किंवा फिके झाले तरी त्याच्या रक्तातले प्रमाण फारसे हलत नाही. शंख, तारामासे, पिसारी किडे यांना ही सोय नाही आणि प्रवाळखडकांवर राहणाऱ्या कोळंब्यांनाही ती बेताचीच असते. बाहेर जे पाणी, तेच जवळजवळ आत. कोकणच्या खाडीतली कोळंबी निराळी. पावसाळ्यात नदीला पूर आला की खाडी गोडी होते, मग पुन्हा खारी, आणि टायगर कोळंबीची पिल्ले हे सगळे पचवतात. त्यामुळे ‘कोळंबी ती कोळंबी’ हा न्याय टाकीत लावता येत नाही.

टाकीतली क्षारता दर लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास ठेवतात. 25 अंश सेल्सियसला विशिष्ट गुरुत्व, म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेत ते किती जड, सुमारे 1.026 भरते. तापमान 24 ते 27 अंश आणि पीएच 8.0 ते 8.4. घरचे मीठ विरघळवून हे पाणी होत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट हेही लागते, आणि कोळंबीचे कवच व शंखाची भिंत कॅल्शियमवरच उभी राहते. म्हणून तयार सागरी क्षार विकत घ्यावे लागतात. ते मिसळायचे आरओच्या पाण्यात. इथे एक घरगुती फसगत होते: पिण्याच्या पाण्याच्या अनेक आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळण्याची सोय असते, त्यामुळे नळातले बरेच काही टाकीत पोचते. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावून पाहिल्याशिवाय ते पाणी वापरू नये.

पाणी उडते, मीठ उडत नाही. 40 लिटरच्या टाकीत 1,400 ग्रॅम क्षार आहेत असे धरू. मे महिन्यात वर पंखा लावला आणि दिवसाला एक लिटर पाणी उडाले, तर तिसऱ्या दिवशी तेच 1,400 ग्रॅम 37 लिटरमध्ये उरतात आणि क्षारता 37.8 वर जाते. उडालेल्या पाण्याची भर गोड्या आरओ पाण्यानेच घालायची. खारे ओतले तर मीठ वाढतच राहते. काचेवर मार्करने रेघ मारायची आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत पाणी भरायचे, इतके साधे हे काम आहे आणि नेमके तेच विसरले जाते. गणपतीला आठवडाभर गावी जाताना शेजाऱ्याच्या हाती खाद्याचा डबा देऊ नये, पाण्याची बाटली द्यावी. मुरलेल्या टाकीतली कोळंबी आठवडाभराची उपासमार सोसते. शेजाऱ्याच्या मायेने टाकलेले मूठभर खाद्य मात्र कुजते आणि ते ती सोसत नाही. (पंख्याने पाणी थंड होते ते बाष्पीभवनामुळे. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो छान काम करतो, मुंबईच्या दमट हवेत बेताचे.)

नवा प्राणी आणला की पिशवीतले पाणी आणि टाकीतले पाणी यांची गाठ हळूहळू घालून देतात. प्राणी पिशवीतल्या पाण्यासकट एका भांड्यात घ्यायचा, हवेच्या पंपाची बारीक नळी टाकीतून त्या भांड्यात सोडायची, नळीला सैल गाठ मारायची, आणि सेकंदाला दोन-तीन थेंब पडतील इतपत ती आवळायची. तास-दीड तासाने भांड्यातले पाणी तिप्पट झाले की प्राणी उचलून टाकीत सोडायचा आणि दुकानातले पाणी मोरीत ओतायचे.

मुरवण

टाकीत पहिली कोळंबी पडते ती बहुधा बाजारातली, सोललेली आणि मेलेली. तिचा तुकडा कुजून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट. ही जिवाणूंची वस्ती खडकांच्या छिद्रांत आणि वाळूत बसायला चार ते सहा आठवडे लागतात; यालाच ‘टँक सायकल होणे’ म्हणतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत जिवंत काही सोडत नाहीत. पुढे तपकिरी, मग हिरवे शेवाळ येते आणि ते आले की शंखांची वेळ झाली असे समजावे. कोळंब्या त्यानंतर. या क्रमाची घाई करणारे पुन्हा पुन्हा त्याच दुकानात दिसतात.

कोळंब्या

सर्वांत लोकप्रिय ती क्लीनर कोळंबी, शास्त्रीय नाव लिस्माटा अँबोइनेन्सिस. पिवळसर अंग, पाठीवर लाल पट्टा आणि त्याच्या मधोमध पांढरी रेघ, लांब पांढऱ्या मिशा. प्रवाळखडकावर ती एका ठरावीक जागी उभी राहून डुलते. मासे तिथे येऊन तोंड आणि कल्ले उघडे करतात आणि ती त्यांच्यावरचे परजीवी व मेलेली कातडी टिपते. टाकीत हात घातला तर तो तिला मासाच वाटतो. पाच-सहा सेंटिमीटरचा तो जीव बोटावर चढून नखाजवळची कातडी खुडू लागतो, तेव्हा आतापर्यंत टाकीकडे ढुंकूनही न पाहणारी घरातली माणसे खुर्ची ओढून बसतात.

लिस्माटा कोळंब्या आधी नर म्हणून वाढतात आणि मोठ्या झाल्यावर एकाच वेळी नर व मादी दोन्ही होतात. त्यामुळे कोणत्याही दोन प्रौढ कोळंब्यांची जोडी जमते. नुकतीच कात टाकलेली मादी ठरते आणि दुसरी नर. दर दोन-तीन आठवड्यांनी होणारी ही कात नवख्याचा जीव घेते. सकाळी खडकाशी एक पांढरट कोळंबी आडवी पडलेली दिसते, मिशा, पाय, डोळ्यांवरचे कवचसुद्धा जागच्या जागी. ती उचलली की कागदासारखी हलकी लागते आणि पाठीशी फाटलेली असते. खरी कोळंबी त्या वेळी खडकाखाली मऊ अंगाने लपलेली असते आणि नवे कवच कडक होईपर्यंत बाहेर येत नाही. क्षारता एकदम बदलली तर ही कात अर्धवट अडकते आणि प्राणी त्यातच मरतो.

पेपरमिंट कोळंबी ठेवतात ती बहुतेक एका कामासाठी: ऐप्टेशिया हे तणासारखे पसरणारे समुद्रफूल खाण्यासाठी. ऐप्टेशिया खरवडून काढले तर त्याच्या प्रत्येक तुकड्यातून नवे उगवते, म्हणून खाणारा प्राणीच बरा. मात्र तिच्या नावावर पुष्कळदा उंटकोळंबी गळ्यात मारली जाते. तिच्या पाठीला कुबड असते, लाल अंगावर ठळक पांढऱ्या रेघा असतात आणि ती प्रवाळाचे व तत्सम प्राण्यांचे मऊ भाग खुडते. खरी पेपरमिंट फिकट, जवळजवळ पारदर्शक असते.

पंचवीस-तीस लिटरच्या टाकीला साजेशी कोळंबी म्हणजे थॉर अँबोइनेन्सिस. लांबी सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर, शेपटी वर उचलून सतत कंबर हलवण्याची सवय. तीन ते पाच एकत्र ठेवल्या तरच त्या बाहेर दिसतात. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची बॉक्सर कोळंबी, स्टेनोपस हिस्पिडस, दिसायला देखणी, पण लहान टाकीत ती दुसऱ्या बॉक्सरला आणि अनेकदा इतर कोळंब्यांनाही जगू देत नाही. जमलेली जोडी असली तरच दोन ठेवाव्यात. हार्लेक्विन कोळंबी फक्त तारामासे खाते. तिला पोसायचे तर तारामासे विकत आणत राहावे लागतात, आणि हा हिशेब दुकानात कुणी सांगत नाही.

पिस्तूल कोळंबीची गोष्ट वेगळी. ती मोठी नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि काचेला तडा गेल्यासारखा टक् आवाज येतो. 2000 मध्ये संशोधक व्हर्सल्युइस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की आवाज नांगीचा नव्हे, तर त्या बुडबुड्याचा असतो. तिच्या काही जातींची नजर अधू असते. त्या गोबी माशाबरोबर एका बिळात राहतात: बीळ कोळंबी खणते, पहारा मासा देतो. वाळू बाहेर टाकताना तिची एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असते. माशाने शेपटी फडकावली की दोघे आत. टाकीत ही जोडी बसवायची तर वाळूचा थर जाड हवा आणि खडक वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर टेकवलेले हवेत, नाहीतर ती खणून खणून खडक स्वतःच्याच अंगावर पाडते.

शंख आणि खेकडे

शेवाळासाठी ट्रोकस आणि सेरिथ शंख, उरल्यासुरल्या अन्नासाठी नॅसॅरियस. नॅसॅरियस दिवसभर वाळूत गडप असतो. खाद्य पडले की मिनिटभरात वाळूतून सोंडेसारखी नळी वर येते आणि पाठोपाठ शंख. ॲस्ट्रिया शंख उलटा पडला तर त्याला सरळ होता येत नाही, कुणीतरी उचलून ठेवावा लागतो. शंखवासी खेकडे घेतले तर थोडे मोठे रिकामे शंख तळाशी टाकून ठेवावेत, नाहीतर ते जिवंत शंखाला मारून त्याचे घर बळकावतात. चाळीस लिटरला दहा-पंधरा शंखांपेक्षा जास्त भरती करण्यात अर्थ नाही. शेवाळ संपल्यावर तेच उपाशी मरतात आणि पाणी बिघडवतात.

घातक गोष्टी

कोळंबी व खेकड्यांच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारे द्रव्य तांब्याचे असते, तरी पाण्यात विरघळलेले तांबे त्यांना विषच. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याची औषधे सर्रास देतात. चुनखडीचे खडक आणि वाळू ते तांबे धरून ठेवतात आणि पुढे हळूहळू सोडतात, म्हणून जुन्या टाकीतले खडक फुकट मिळाले तरी कोळंब्यांसाठी घेऊ नयेत. डास पळवणाऱ्या द्रवातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकेही कवचधारी प्राण्यांना अगदी अल्प प्रमाणात मारक असतात आणि हवेचा पंप खोलीतली हवा सरळ पाण्यात फुंकतो. डासांचे मशीन दुसऱ्या खोलीत हवे.

काही प्राणी दुकानात दिसले तरी सोडून द्यावेत. निळा तारामासा महिनोन्‌महिने हळूहळू उपाशी मरतो. मोठे समुद्रफूल टाकीभर हिंडते आणि पंपात ओढले जाते. झोअँथिड हे बटणांसारखे रंगीत प्राणी टिकतात छान, पण त्यांपैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. ते चिकटलेले खडक उकळू नयेत आणि उघड्या जखमेच्या हाताने धरू नयेत.

इतिहास आणि कायदा

घरात समुद्र ठेवण्याचा नाद व्हिक्टोरियन इंग्लंडमधला. निसर्गाच्या अभ्यासक ॲना थिन यांनी 1846 मध्ये इंग्लंडच्याच दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावाहून प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतण्याचे काम मोलकरणीकडे होते. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. आजच्या खडकप्रधान पद्धतीचे मूळ मात्र इंडोनेशियात सापडते. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी फक्त जिवंत खडक (जिवाणू आणि बारीक जीवांची वस्ती असलेला समुद्रातला खडक) आणि हवेच्या बुडबुड्यांवर चालणाऱ्या टाक्यांची माहिती 1961 मध्ये प्रसिद्ध केली.

भारतात प्रवाळ, समुद्रकाकड्या, जायंट क्लॅम (राक्षसी शिंपले) आणि काही मोठे शंख यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये संरक्षण आहे. मालवणच्या खडकांवरून ‘एवढासा तुकडा’ उचलून आणणेही गुन्हा ठरू शकते. म्हणून इथल्या टाक्यांत सच्छिद्र कोरडा खडक वापरून तो मुरवण्याची रीत बरी.

टाकीतल्या कोळंबीच्या पोटाखाली हिरवट अंडी वारंवार दिसतात, पण रात्री बाहेर पडणारी पिल्ले फिल्टरमध्ये आणि इतरांच्या पोटात जातात. क्लीनर कोळंबीची पिल्ले तरंगत्या अवस्थेत काही महिने काढतात आणि तेवढा काळ त्यांना जगवणे अवघड, म्हणून विक्रीला येणाऱ्या बहुतेक समुद्रातून धरलेल्याच असतात. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या केंद्राने काही शोभेच्या कोळंब्यांची पैदास करून ती पिल्ले वाढवायला स्थानिक बायकांना दिली. त्यांत थॉरचीच एक भाऊबंद जात आहे, थॉर हैनानेन्सिस.