बुरशीसाठी अँटिबॉडी तपासणी: करण्यापूर्वी आणि रिपोर्ट आल्यावर

बुरशीचे बीजाणू आपण रोज श्वासावाटे घेतो. कॅन्डिडा ही बुरशी तर निरोगी माणसाच्या आतड्यातही असते. बी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) त्यांना ओळखून अँटिबॉडी, म्हणजे त्यांना चिकटणारी प्रथिने, तयार करतात; आधी आयजीएम, मग आयजीजी या प्रकारची. म्हणून रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला तर त्या बुरशीशी शरीराची गाठ पडली आहे, एवढेच कळते. आजार आहे का, हे लक्षणे आणि सीटी स्कॅन सोबत पाहूनच डॉक्टर ठरवतात. अँटिबॉडी भरपूर म्हणजे संरक्षण पक्के, असेही नाही. अँटिबॉडी बुरशीला चिकटून पांढऱ्या पेशींना तिला गिळणे सोपे करतात, पण ती मारण्याचा मोठा भार न्यूट्रोफिल आणि टी पेशी या पांढऱ्या पेशींवर असतो.

चिठ्ठीवर नुसते ‘अ‍ॅस्परजिलस अँटिबॉडी’ (हवेतून फुफ्फुसात जाणाऱ्या बुरशीची) लिहिलेले असेल, तर कोणत्या प्रकारची ते डॉक्टरांना जरूर विचारा. टीबी बरा झाल्यावर फुफ्फुसात पोकळी राहिली आहे आणि तीन महिन्यांहून जास्त खोकला, वजन घटणे चालू आहे, तर आयजीजी लागते. दमा आटोक्यात येत नसेल, तर एकूण आयजीई (अॅलर्जीत वाढणारी अँटिबॉडी) आणि अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या जातीची विशिष्ट आयजीई. एकीच्या जागी दुसरी केली तर निदान हुकते. क्रिप्टोकॉकस या बुरशीसाठी अँटिबॉडी नव्हे, अँटिजेन (बुरशीचाच अंश) तपासतात. नायट्यासाठी रक्त देऊच नका. त्वचेची खरवड केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हीच खरी तपासणी.

रिटुक्सिमॅब हे बी पेशी नष्ट करणारे औषध घेतल्यावर त्या पेशी सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ नाहीशा होतात. अशा वेळी, तसेच रक्ताच्या कर्करोगात, अँटिबॉडी ‘निगेटिव्ह’ आली म्हणून निर्धास्त राहू नये. तोंडाने घेतलेल्या स्टेरॉइडने एकूण आयजीई उतरते. उलट, शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातील अँटिबॉडी) घेतले असेल तर दात्यांची आयजीजी तुमच्या रिपोर्टमध्ये दिसू शकते. ही औषधे चालू असतील किंवा नुकतीच घेतली असतील, तर रक्त देतानाच सांगा.

उपाशीपोटी येण्याची गरज नाही. साध्या ट्यूबमध्ये ५ मिली रक्त घेतो, अर्धा तास गोठू देतो, मग सिरम (गोठल्यावर उरलेला रक्ताचा पातळ भाग) वेगळे करतो. ट्यूब जोरात हलली तर रक्तपेशी फुटतात, सिरम लाल होते आणि नमुना पुन्हा द्यावा लागतो.

फेरतपासणी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करा. कंपनीगणिक एकके आणि मर्यादा वेगळ्या असल्याने आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. आयजीजी हळू उतरते, तेव्हा महिन्याभरात पुन्हा तपासून उपयोग नाही. दम्याच्या रुग्णांत उपचार सुरू झाल्यावर ८ आठवड्यांनी फक्त एकूण आयजीई पुरते. येताना जुना रिपोर्ट आणा.