व्हिडिओ जोडायचे म्हणजे वजाबाक्या जोडायच्या

अनंत चतुर्दशी उलटली की गिरगावातल्या आमच्या चाळीच्या वॉट्सॅप ग्रुपवर एक मागणी ठरलेली असते: सगळ्यांनी काढलेल्या क्लिप्स जोडून विसर्जनाचा एकच व्हिडिओ करा. यंदा कुणीतरी ब्राउझरमध्येच फुकटात जोडून देणाऱ्या एका साइटची लिंक टाकली आणि लगेच दोन शंका आल्या. ‘आपले व्हिडिओ त्यांच्याकडे जाणार, नको रे बाबा’ ही पहिली. ‘जोडलं की एचडी जातं हो काका’ ही दुसरी. दोन्ही अर्ध्या खऱ्या आहेत.

पहिली चटकन उरकतो. काही साइट्स फाइल खरोखरच स्वतःच्या सर्व्हरवर चढवून घेतात. पण 2017 पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत वेबअसेम्ब्ली नावाची सोय आहे. सी भाषेत लिहिलेला भलामोठा प्रोग्रॅमही तिच्यामुळे ब्राउझरच्या टॅबमध्ये चालवता येतो. फाब्रिस बेलार यांनी 2000 साली सुरू केलेलं एफएफएमपेग हे व्हिडिओ कापायचं-जोडायचं मोफत अवजार असंच टॅबमध्ये आणलं गेलंय. अशा साइटवरून फक्त प्रोग्रॅम तुमच्याकडे येतो, राबतो तुमचाच लॅपटॉप. पारख सोपी आहे. आधी एखादी फालतू क्लिप जोडून बघा, म्हणजे प्रोग्रॅम पूर्ण उतरेल. मग वायफाय बंद करून खऱ्या क्लिप्स टाका. काम झालं तर जोडणी तुमच्याच यंत्रात होतेय. फारच संशय असेल तर टॅब बंद करून मगच नेट चालू करा.

आता दुसरी शंका. फुल एचडी व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाख 73 हजार 600 ठिपके असतात. रंगाची माहिती काटकसरीने ठेवली तरी एका फ्रेमला 31 लाख बाइट लागतात. सेकंदाला 30 फ्रेम धरल्या तर मिनिटाला साडेपाच जीबीच्या वर. फोनमध्ये मात्र तीच मिनिटभराची क्लिप शे-सव्वाशे एमबीत मावते. बाकीचा माल गेला कुठे? तो साठवलेलाच नसतो.

वाण्याला आपण फोन करतो, ‘मागच्या महिन्याचीच यादी, फक्त रवा अर्धा किलो जास्त’, तसं हे आहे. पहिली आणि मग अधूनमधून एखादी फ्रेम पूर्ण साठवायची, तिला कीफ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये फक्त फरक लिहायचा. फरक काढायची रीत तर फारच देखणी. एच.264 या व्हिडिओ दाबून लहान करायच्या 2003 सालच्या पद्धतीत फ्रेमचे 16 बाय 16 ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनासाठी आधीच्या फ्रेममध्ये जवळपास तसाच तुकडा कुठे सापडतो ते शोधतात. सापडला की ‘तिथून उचल, इतकं डावीकडे सरकव’ एवढाच निरोप. हे सरकणं ठिपक्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत बारीक मोजतात! सरकवूनही जो फरक उरतो, तो गणिताने पिळून लिहितात. त्या गणिताचं मूळ बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांच्या 1974 सालच्या शोधनिबंधात आहे.

लोकलच्या खिडकीतून काढलेला व्हिडिओ म्हणूनच स्वस्तात पडतो, सगळं दृश्य एका दिशेला सरकतं. गुलाल उधळला की मात्र पंचाईत. हवेतला प्रत्येक कण नव्या जागी, आधीच्या फ्रेममध्ये त्याच्यासारखं काहीच नाही. ठरलेल्या बाइटांत फरक मावत नाही आणि बाप्पाच्या मुकुटाभोवती नेमक्या त्या क्षणी चौकटी दिसू लागतात. लोक कॅमेऱ्याला शिव्या घालतात. कॅमेरा बिचारा निर्दोष असतो.

यापुढची गोष्ट जरा वाकडी आहे. काही फ्रेम मागच्या फ्रेमबरोबर पुढच्या फ्रेमकडूनही उसनं घेतात. पुढची आधी उलगडल्याशिवाय मधली उलगडत नाही, म्हणून फाइलमध्ये क्रम एक असतो आणि पडद्यावर दुसरा. पहिली, चौथी, दुसरी, तिसरी असं साठवायचं आणि पहिली, दुसरी, तिसरी, चौथी असं दाखवायचं. त्यासाठी प्रत्येक फ्रेमला दोन वेळांच्या चिठ्ठ्या चिकटवाव्या लागतात, एक उलगडायच्या वेळेची आणि एक दाखवायच्या. दुसरी क्लिप पहिलीच्या मागे लावताना तिच्या प्रत्येक फ्रेमच्या दोन्ही वेळा पहिलीच्या लांबीइतक्या पुढे ढकलायच्या. गणित बेरजेचंच, पण एकीकडे चुकलं की सांध्यावर चित्र अडखळतं.

बेरीज बरोबर आली आणि दोन्ही क्लिप्स एकाच फोनमधून, एकाच सेटिंगवर काढलेल्या असल्या तर एकही ठिपका न बदलता जोडणी होते. फक्त वेळा बदलतात आणि अनुक्रमणिका नव्याने लिहिली जाते. दर्जा रतीभरही घटत नाही, आणि काम काही सेकंदांत आटपतं. क्लिप मधूनच कापून जोडायची असेल तर काप कीफ्रेमवर बसायला हवा, नाहीतर नव्या वाण्याकडे मागच्या महिन्याची यादीच नसते.

एक क्लिप 1080ची, दुसरी 720ची, तिसरी उभी आणि चौथी नव्या एचईव्हीसी पद्धतीची असेल, तर सगळ्या उलगडून, एका मापात आणून, पुन्हा दाबाव्या लागतात. पुन्हा दाबताना बारीक तपशील पुन्हा गाळला जातो. ‘एचडी जातं’ ते इथे. शेवटी .एमपी4 लिहिलेलं असणं ही एकरूपतेची खूण नव्हे, ते नुसतं वेष्टनाचं नाव आहे. आत काय दाबलंय ते वेगळं असू शकतं.

आवाजाचं दुखणं वेगळंच. आवाज दाबायच्या एएसी पद्धतीत तो 1024 नमुन्यांच्या, म्हणजे क्षणोक्षणी घेतलेल्या मोजमापांच्या, तुकड्यांत बांधतात. सेकंदाला 48 हजार नमुन्यांच्या वेगाने एक तुकडा 21.3 मिलिसेकंदांचा होतो, तर चित्राची फ्रेम 33.3 मिलिसेकंदांची. क्लिपच्या शेवटी दोघं एकत्र क्वचितच संपतात. दर सांध्याला काही मिलिसेकंदांचा फरक राहतो, आणि आळशी प्रोग्रॅम तो मिटवत नाही. तीस-चाळीस क्लिप्सनंतर टिपरी ढोलावर पडण्याआधीच ढोल वाजतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद पुढे गेला तरी कळतो, मागे मात्र 125 पर्यंत खपून जातो. निसर्गात आवाज नेहमीच उजेडाच्या मागून येतो, तेव्हा हे साहजिकच म्हणायचं.

‘एआयने व्हिडिओ जोडा’ असं झळकवणाऱ्या बटणांना भुलू नका. नुसत्या जोडणीत बुद्धी लागतच नाही, कृत्रिमही नाही. फुकट साइट कोपऱ्यात स्वतःचा शिक्का मारत असेल तर मात्र सावध. तयार चित्रात शिक्का उमटवायचा म्हणजे प्रत्येक फ्रेम उलगडून पुन्हा दाबणं आलंच, मग क्लिप्स कितीही एकसारख्या असोत.

चाळीच्या व्हिडिओसाठी मी क्लिप्स फोनवार वेगळ्या करायला सांगितल्या आहेत, आणि वॉट्सॅपवर नेहमीसारख्या न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला, म्हणजे वाटेत कुणी दाबत नाही. एका फोनच्या क्लिप्स आधी जशाच्या तशा जोडायच्या. पुन्हा दाबायचं काम शेवटी, एकदाच, आणि तेही लॅपटॉपवर. एका टॅबमधल्या नेहमीच्या वेबअसेम्ब्ली प्रोग्रॅमला मेमरी जास्तीत जास्त 4 जीबी मिळते. तासाभराची मिरवणूक त्यात कोंबली तर टॅब मान टाकतो.