पीसीबीसाठी यूव्ही बॉक्स बनवताना: काच कोणती, रंग कोणता

पीसीबी (सर्किट बोर्ड) बनवताना तांब्याच्या बोर्डावर ड्राय फिल्म, म्हणजे प्रकाशाने कडक होणारा पातळ थर, चिकटवतात आणि वर सर्किटची पारदर्शक प्रिंट ठेवतात. मग यूव्ही बॉक्समध्ये, म्हणजे ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्यांच्या पेटीत, तिला प्रकाश (एक्स्पोजर) देतात. प्रकाश न लागलेला भाग डेव्हलपर या द्रावणात धुऊन जातो आणि ट्रॅक, म्हणजे तारांच्या जागी असणाऱ्या रेषा, उरतात.

"दहा मिनिटं एक्स्पोजर दिलं, तरी डेव्हलपरमध्ये घातल्यावर ड्राय फिल्म ट्रॅकसकट धुऊन गेली." अशी तक्रार आली की फिल्म बदलून देण्याआधी आम्ही एकच विचारतो, बोर्डावर दाबायला काय ठेवलं होतं? पुष्कळदा उत्तर येतं, "काच फुटेल म्हणून पॉलिकार्बोनेट."

घोटाळा तिथेच असतो. पॉलिकार्बोनेट डोळ्यांना स्वच्छ दिसतं, पण ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशापुढे ते भिंतीसारखं उभं राहतं. अ‍ॅक्रिलिकचा भरवसा नाही, कारण बऱ्याच शीटमध्ये अतिनील किरण शोषणारं रसायन घातलेलं असतं. लॅमिनेटेड काचही नको, तिच्या मधल्या प्लास्टिकच्या थरात हे किरण अडकतात. खिडकीची साधी ४ मिमी काच घ्या. काचेआड बसलं की ऊन त्वचेला भाजत नाही, म्हणून काच सगळंच अतिनील अडवते असा समज आहे. भाजणारे किरण ३६५ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचे. ३६५चे बहुतांश पार होतात.

घरात पडलेली शीट चालेल का, हे पाहायला मीटर लागत नाही. ड्राय फिल्मचा तुकडा घ्या, अर्ध्यावर ती शीट ठेवा, अर्धा उघडा सोडा आणि दिवा लावा. प्रकाश लागलेला भाग गडद होतो. शीटखालचा भाग फिकटच राहिला तर ती बाजूला ठेवा.

रंगाचंही असंच फसवं आहे. पेटी आतून पांढरी रंगवली की प्रकाश जास्त उसळेल असं वाटतं. पण नेहमीच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतो आणि ३६५च्या प्रकाशात तो जवळपास काळ्यासारखाच वागतो. स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावा. मात्र ती वीज वाहते, तेव्हा वायरिंगपासून लांब.

पेटीला प्लायवूड, एमडीएफ, जुनी सूटकेस, काहीही चालतं. एमडीएफमध्ये बिजागरीचे स्क्रू ढिले होतात, एवढंच. झाकणाला आतून स्पंज चिकटवा, म्हणजे प्रिंट बोर्डावर सपाट दाबली जाईल. प्रिंटची टोनरची बाजू फिल्मला टेकलेली हवी. उलटी ठेवली तर पारदर्शकाच्या जाडीएवढ्या फटीतून प्रकाश आत शिरतो आणि बारीक ट्रॅकच्या कडा अस्पष्ट येतात.

एलईडी काचेला अगदी खेटून बसवू नका, बोर्डावर ठिपके उमटतात. रिकाम्या काचेवर पांढरा कागद ठेवून उजेड सगळीकडे सारखा पडतो का ते पाहा, आणि त्यानुसार अंतर वाढवा.

जंतुनाशक ट्यूब, म्हणजे २५४ नॅनोमीटरची, या कामाला कुणी कितीही सुचवली तरी घेऊ नका. डोळे आणि त्वचा दोन्ही भाजतात, शिवाय साधी काच तिचा प्रकाश पुढे जाऊच देत नाही. आपल्या ३६५च्या दिव्यांकडेही टक लावून पाहायचं नाही. झाकण उघडलं की दिवे विझतील असा मायक्रोस्विच बसवल्याशिवाय पेटी वापरायला काढू नका.