राजस्पर्श (इंग्लंड)

राजस्पर्श म्हणजे इंग्लंडच्या राजाने किंवा राणीने आजारी माणसाच्या गालावरून गळ्यावरून हात फिरवला की तो बरा होतो ही समजूत, आणि त्या समजुतीभोवती उभा राहिलेला अख्खा दरबारी विधी. आजार मात्र कुठलाही चालायचा नाही, एकच, गंडमाळा. मानेतल्या गाठी सुजतात, फुटतात, वाहत राहतात, आज आपल्याला माहीत आहे की हा बहुतेक वेळा गाठींचा टीबी असतो. इंग्रजीत ह्या आजाराला सरळ 'किंग्ज ईव्हिल' म्हणायचे, राजाची पीडा, कारण ती बरी करणारा राजा. (आपल्याकडे क्षयाला राजयक्ष्मा म्हणतात पण तिथे गोष्ट उलटी आहे, तिथे राजा म्हणजे चंद्र आणि दक्षाच्या शापाने आजार त्यालाच जडला.)

अमक्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे असं आपण म्हणतो ना, साधारण तोच प्रकार, फक्त इथे हातगुण माणसाचा नव्हता, गादीचा होता. आणि ह्या सगळ्या प्रकरणात बघण्यासारखं काय असेल तर हेच, की ज्याची गादी डळमळीत तो जास्त हौसेने हात फिरवायचा. रोग्याला राजा हवा होता हे खरंच, पण राजालाही रोगी तितकेच हवे होते.

परंपरा सांगायचे ती एडवर्ड द कन्फेसर (कारकीर्द 1042 ते 1066) ह्या संत राजापासून. फ्रान्सचे राजेही हेच करायचे आणि आधी कोण, तुम्ही का आम्ही, यावर दोन्हीकडचे विद्वान शेकडो वर्षं भांडले. इंग्लंडमध्ये पक्का पुरावा म्हणावा असा तेराव्या शतकाच्या शेवटी पहिल्या एडवर्डच्या घरखर्चाच्या हिशोबात सापडतो, प्रत्येक रोग्याला एक पेनी दिल्याची नोंद. म्हणजे सुरुवातीला हा दानधर्माचाच भाग होता.

त्याचा थाटामाटाचा विधी झाला तो ट्यूडर घराण्याच्या काळात. सातवा हेन्री 1485 मध्ये बॉसवर्थची लढाई मारून राजा झाला, वारसा म्हणाल तर लांबचा आणि लंगडा, त्यामुळे देवाने आपल्यालाच निवडलंय हे लोकांच्या डोळ्यांना दिसेल असं काहीतरी त्याला पाहिजेच होतं. त्याच्या काळात विधीची ठरावीक संहिता आली आणि पेनीच्या जागी सोन्याचं 'एंजल' नाणं आलं. ह्या नाण्यावर देवदूत मायकेल ड्रॅगनला मारतोय असं चित्र असायचं, त्याला भोक पाडून रिबिनीत ओवून राजा रोग्याच्या गळ्यात घालायचा. थोडक्यात ताईतच, फक्त सोन्याचा आणि सरकारी. ते नाणं गळ्यातून काढलं की आजार उलटतो असंही लोक मानायचे.

मग धर्म बदलला. आठव्या हेन्रीने पोपशी फारकत घेतली, संतांच्या समाध्या फोडल्या, तीर्थयात्रा बंद केल्या, म्हणजे चमत्कारांची बाकी सगळी दुकानं बंद झाली पण राजाच्या हातचं दुकान चालूच राहिलं! प्रॉटेस्टंट लोकांची मोठीच पंचाईत. याच्या जोडीला अजून एक प्रथा होती, गुड फ्रायडेला राजा अंगठ्या मंतरून द्यायचा, त्या पेटके आणि फेफरं यावर चालायच्या. ती पहिल्या मेरीबरोबर 1558 मध्ये संपली, तिच्यामागून आलेल्या एलिझाबेथ राणीने ती पुढे नेली नाही. स्पर्श मात्र सोडला नाही. 1575 मध्ये केनिलवर्थच्या वाड्यात मुक्काम असताना तिने नऊ जणांवर हात फिरवल्याचं लिहून ठेवलेलं आहे. आणि 1570 मध्ये पोपने तिला धर्माबाहेर काढल्यावर तर ह्या स्पर्शाला राजकीय धारच आली. तिच्या बाजूचे लोक म्हणायला लागले की बघा, पोप म्हणतो देवाने हिला टाकलंय, मग हिच्या हाताने रोगी बरे कसे होतात? तिचा चॅप्लेन, म्हणजे दरबारी पाद्री, विल्यम टूकर याने 1597 मध्ये ह्या विषयावर अख्खा लॅटिन ग्रंथ लिहिला आणि सर्जन विल्यम क्लोज याने 1602 मध्ये गंडमाळांवर लिहिताना जिथे आपले उपाय थकले तिथे राणीचा हात चालला अशी ग्वाही दिली. सर्जनने स्वतःच्या धंद्याविरुद्ध साक्ष देणं म्हणजे जरा विचार करण्यासारखी गोष्ट आहे, पण दरबारात राहायचं तर माणूस काय काय लिहितो.

1603 मध्ये पहिला जेम्स स्कॉटलंडहून आला तो कॅल्व्हिन पंथाच्या, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंट, शिक्षणात वाढलेला. चमत्कारांचा जमाना केव्हाच संपला असं त्याचं प्रामाणिक मत होतं आणि हे असलं काही करायला तो नाखूश होता. इंग्रज सल्लागारांनी समजावलं की महाराज इथे लोकांना हे लागतं. मग त्याने मधला मार्ग काढला, गाठीवर क्रॉसची खूण करायची बंद केली आणि हा चमत्कार नाही, मी फक्त प्रार्थना करतोय असं म्हणत हात फिरवायला लागला. लोकांना काय, त्यांना हात लागल्याशी मतलब. त्याच्याच काळात आलेल्या शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये एडवर्ड द कन्फेसर रोग्यांच्या गळ्यात सोन्याचं नाणं घालतो असं वर्णन येतं, म्हणजे अकराव्या शतकातल्या राजाच्या हातात ट्यूडर काळातलं नाणं, पण प्रेक्षकांनी स्वतःच्या राजाला तेच करताना बघितलेलं असल्यामुळे कोणाला खटकलं नसणार.

पहिल्या चार्ल्सच्या वेळी प्रकरण हाताबाहेर जायला लागलं. त्याने एकामागून एक जाहीरनामे काढले, अमक्या महिन्यात यायचं नाही, उन्हाळ्यात नाही, प्लेगची साथ असताना तर अजिबात नाही, आणि येताना आपल्या पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, पाद्र्याचा दाखला आणायचा की ह्या माणसाला आधी स्पर्श झालेला नाही. दाखला का, तर सोन्याचं नाणं फुकट मिळतंय म्हटल्यावर तोच रोगी दुसऱ्यांदा रांगेत उभा! पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात सोनं आटलं तेव्हा चांदीच्या नाण्यांवर भागवलं. 1647 मध्ये राजा पार्लमेंटच्या कैदेत होल्डनबीला होता, तर तिथेही रोग्यांची रीघ लागली आणि पार्लमेंटने घाबरून ही अंधश्रद्धा आहे असं जाहीर पत्रक काढायला कमिटी नेमली. ज्या राजाशी आपण लढलो, ज्याला पकडून ठेवलाय, त्याच्याकडे लोक देव म्हणून येतायत हे त्यांना कसं परवडणार. 30 जानेवारी 1649 ला त्याचं डोकं उडवलं, तेव्हा लोकांनी त्याच्या रक्तात रुमाल बुडवून नेले आणि त्याच वर्षी डेप्टफर्डची एक मुलगी अशा रुमालाने गंडमाळांतून बरी झाली अशी छापील पत्रकं निघाली. पार्लमेंटच्या बाजूचा सेनापती क्रॉमवेल याने पुढे सत्ता सगळी घेतली पण हात फिरवायच्या भानगडीत तो कधी पडला नाही.

खरा सीझन आला तो दुसऱ्या चार्ल्सचा. हा तोच राजा ज्याला पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न ठरलं तेव्हा 1661 च्या तहात मुंबई हुंड्यात मिळाली आणि ज्याने 1668 मध्ये ती कंपनीला वर्षाला 10 पौंड भाड्याने देऊन टाकली. मुंबईत त्याला रस नव्हता पण हात फिरवण्यात होता. परागंदा असताना, म्हणजे राज्य नाही, इंग्लंडचा राज्याभिषेक नाही, खिशात पैसे नाहीत अशा अवस्थेतही तो युरोपात बसून रोग्यांना स्पर्श करायचा आणि इंग्लंडहून लोक समुद्र ओलांडून त्याच्याकडे जायचे. यावरून एक जुना वाद आपोआप निघाला, ही ताकद राज्याभिषेकाच्या पवित्र तेलातून येते का रक्तातून? चार्ल्सला इंग्लंडचा मुकुट मिळाला 1661 मध्ये आणि स्पर्श तर तो त्याच्या कितीतरी आधीपासून करत होता, तेव्हा रक्तातूनच, असं राजाच्या पक्षाचं म्हणणं. वंशपरंपरेचं राजकारण आलं बघा त्यात.

1660 मध्ये गादीवर आल्यावर व्हाइटहॉलच्या बँक्वेटिंग हाऊसमध्ये हा सोहळा व्हायला लागला. ही इमारत इनिगो जोन्सची, 1622 मध्ये पूर्ण झालेली, छताला रुबेन्सची चित्रं ज्यात पहिला जेम्स स्वर्गात चाललाय. आणि ह्याच हॉलमधून पहिल्या चार्ल्सला बाहेर वधस्तंभाकडे नेलं होतं. बापाला जिथून मारायला नेलं तिथेच मुलगा सिंहासनावर बसून लोकांना बरं करतोय, जागा निव्वळ सोयीची म्हणून निवडली असं मला तरी वाटत नाही.

विधी कसा चालायचा हे जॉन एव्हलिनने 1660 च्या जुलैत बघून डायरीत नीट लिहून ठेवलंय. राजा सिंहासनावर, सर्जन एकेका रोग्याला पुढे आणतात, रोगी गुडघे टेकतो, राजा दोन्ही हातांनी त्याच्या गालावरून हात फिरवतो, तेवढ्यात बाजूचा चॅप्लेन म्हणतो की त्याने त्यांच्यावर हात ठेवले आणि त्यांना बरं केलं. प्रत्येकासाठी तेच वाक्य. सगळ्यांची एक फेरी झाली की सगळे परत त्याच क्रमाने येतात आणि आता राजा पांढऱ्या रिबिनीत ओवलेलं सोनं एकेकाच्या गळ्यात घालतो. मग प्रार्थना, आशीर्वाद, आणि शेवटी मोठे मोठे दरबारी पाण्याचं भांडं, तस्त आणि टॉवेल घेऊन येतात आणि राजा हात धुतो, जे वाहत्या गाठींना शेकडो वेळा हात लावल्यावर फारच गरजेचं होतं. दुसरा डायरीवाला सॅम्युअल पीप्स, त्याने 1661 च्या एप्रिलमध्ये हे पाहिलं आणि त्याला ते ओंगळ आणि बावळटपणाचं वाटलं. म्हणजे त्या काळी सगळेच डोळे मिटून विश्वास ठेवायचे असं नाही, पीप्स तर राजाचाच नोकर होता.

नाणंही बदललं. एंजल पाडणं यादवी युद्धाच्या सुमाराला बंद झालं होतं म्हणून खास ह्याच कामासाठी छोटी पदकं काढली, एका बाजूला शिडाचं जहाज, दुसऱ्या बाजूला तोच मायकेल आणि 'गौरव केवळ देवाचा' अशा अर्थाची लॅटिन अक्षरं. बरं करण्याचं श्रेय देवाला, नाणं राजाचं.

आकडे बघितले तर चाट पडायला होतं. 1660 ते 1682 ह्या काळाच्या उपलब्ध नोंदींप्रमाणे 90 हजारांच्या वर माणसांना दुसऱ्या चार्ल्सने स्पर्श केला, आणि तेव्हा इंग्लंडची लोकसंख्या जेमतेम 50 लाखांच्या आसपास. एवढी गर्दी म्हणजे ऑफिस आलंच. आधी गावच्या पाद्र्याचा दाखला, मग लंडनला येऊन राजाच्या सर्जनकडून तपासणी की खरंच गंडमाळा आहेत का दुसरंच काही, मग त्याच्याकडून तिकीट, मग तारीख. गॅझेटमध्ये सूचना यायच्या की आता अमुक महिन्यापर्यंत स्पर्श बंद. पॅरिशने दिलेल्या दाखल्यांची नोंदवही ठेवायची असाही हुकूम निघाला. मार्च 1684 मध्ये तिकिटांसाठी सर्जनच्या दारात इतकी झुंबड उडाली की सहासात जण चेंगरून मेले, हेही एव्हलिननेच लिहिलंय. पोरांना बरं करायला लांबून घेऊन आलेली माणसं होती ही.

स्पर्धाही होती. सातव्या मुलाच्या सातव्या मुलाकडे अशी ताकद असते असं लोक मानायचे (आपल्याकडे पायाळू माणसाने लाथ मारली की उसण जाते म्हणतात, त्यातलंच). 1666 मध्ये आयर्लंडचा व्हॅलेंटाइन ग्रेटरेक्स नावाचा जमीनदार इंग्लंडमध्ये आला, हा पूर्वी क्रॉमवेलच्या सैन्यात होता आणि आता हात फिरवून गंडमाळाच काय बाकीचेही आजार बरे करतो म्हणून गाजत होता. रॉबर्ट बॉइलसारख्या शास्त्रज्ञाने त्याचे प्रयोग जवळून पाहिले. दरबाराला हे अवघडच जाणार होतं, साध्या जमीनदाराला हे जमत असेल तर मग राजाचं वेगळेपण काय राहिलं. आणि त्याहून धोकादायक प्रकार 1680 मध्ये झाला, राजाचा अनौरस मुलगा ड्यूक ऑफ मन्मथ पश्चिमेकडच्या भागात दौरा करताना स्वतःच रोग्यांना स्पर्श करायला लागला. हे म्हणजे न बोलता मी खरा वारस आहे असं म्हणणंच. पाच वर्षांनी त्याने बंड केलं आणि डोकं गमावलं.

चार्ल्सनंतर आलेल्या त्याच्या कॅथलिक भावाने, दुसऱ्या जेम्सने, कॅथलिक पाद्री आणि जुना लॅटिन पाठ परत आणला. 1688 च्या क्रांतीत जेम्सची गादी गेली आणि त्यानंतर आलेल्या तिसऱ्या विल्यमने सगळंच बंद केलं. तो गादीवर आला होता पार्लमेंटच्या ठरावाने, त्याला हातगुणाची गरज नव्हती. कोणीतरी फारच मागे लागलं तेव्हा हात ठेवून, देव तुला तब्येत बरी देवो आणि अक्कल जास्त देवो, असं म्हणाला असं सांगतात.

पुढे ॲन राणीने प्रथा परत सुरू केली. दुसऱ्या जेम्सची मुलगी, पहिल्या जेम्सपासून चालत आलेल्या स्टुअर्ट घराण्याच्या रक्ताची, पण तिचा सावत्र भाऊ फ्रान्समध्ये बसून गादीवर हक्क सांगतोय, तेव्हा आपल्याही हातात ते आहे हे दाखवणं भाग होतं. तिच्याकडे मार्च 1712 मध्ये लिचफील्डहून एक बाई अडीच वर्षांच्या पोराला घेऊन आली, तोच पुढे डिक्शनरीवाला सॅम्युअल जॉन्सन. गावच्या सर जॉन फ्लॉयर ह्या नावाजलेल्या डॉक्टरनेच त्यांना लंडनला जायचा सल्ला दिला होता, म्हणजे अडाणी लोकांचा प्रकार म्हणून सोडून देता येत नाही. जॉन्सनला हिरे घातलेली आणि काळं लांब डोक्यावरून घेतलेली एक बाई अंधुक आठवायची. गुण काही आला नाही, गाठी कापाव्या लागल्या, व्रण जन्मभर राहिले, पण ते पदक मात्र त्याने मरेपर्यंत गळ्यात ठेवलं. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

मग बाकीचे बरे कसे व्हायचे? गंडमाळांचा स्वभावच असा की मध्येच बसतात, महिनोन्महिने शांत राहतात आणि परत उसळतात, त्यामुळे स्पर्शानंतर कधीतरी बसल्या की श्रेय राजाला आणि उलटल्या की दोष रोग्याच्या श्रद्धेचा किंवा नाणं हरवल्याचा.

1714 मध्ये ॲन गेली आणि जर्मनीतल्या हॅनोव्हरहून आलेल्या पहिल्या जॉर्जने हा विधी केलाच नाही. परदेशातल्या स्टुअर्टांनी मात्र सोडला नाही, गादी परत मिळवायला केलेल्या 1745 च्या उठावात ॲनच्या त्या सावत्र भावाचा मुलगा चार्ल्स एडवर्ड याने एडिंबराच्या होलीरूड राजवाड्यात स्पर्श केला आणि त्याचा भाऊ कार्डिनल हेन्रीसुद्धा चांदीची पदकं वाटत राहिला, तो 1807 मध्ये वारला. इंग्लंडात ह्यावर नुसतं लिहिणंही महागात पडायचं, थॉमस कार्ट ह्या इतिहासकाराने 1747 मध्ये एका तळटीपेत लिहिलं की ब्रिस्टलचा एक माणूस परदेशात जाऊन स्टुअर्ट वारसाच्या हाताने बरा झाला, तर लंडन शहराने त्याच्या ग्रंथाला दिलेली मदत काढून घेतली. आणि इकडे राजाने हात फिरवणं सोडून दिलेलं असताना चर्चच्या प्रार्थनापुस्तकाच्या काही आवृत्त्यांत हा विधी 1730 च्या दशकापर्यंत छापून येतच होता.