ब्रेक एकच, दाबायची रीत दोन: एबीएस आणि ईएससीची पार्श्वभूमी

निपाणी, चिक्कोडी, बेळगाव, खानापूर या पट्ट्यात एकाच गल्लीत 2012 ची सेकंडहँड हॅचबॅक आणि 2023 ची नवी गाडी शेजारी शेजारी उभी दिसते. दोन्हींचं ब्रेक पॅडल दिसायला सारखंच, पण चाक घसरायला लागलं की ते वेगवेगळ्या रीतीनं दाबावं लागतं. नव्या गाडीत एबीएस असते, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा; ईएससी ही तिचीच पुढची पायरी, वळणावर घसरणाऱ्या गाडीला सावरणारी. हा फरक कुठून आला, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं, कारण सेकंडहँड गाडी घेताना मायलेज आणि टायर बघणारे पुष्कळ असतात, ब्रेकची पिढी विचारणारे फार थोडे.

ब्रेक गाडीला थांबवत नाही. ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवते ती टायर आणि रस्ता यांच्यातली पकड, आणि तिला मर्यादा असते. चाक गाडीच्या वेगापेक्षा साधारण 10 ते 20 टक्के हळू फिरत असतं तेव्हा ही पकड सर्वांत जास्त मिळते. ब्रेक त्याहून जोरात लागला की चाक जाम होतं. डांबरी रस्त्यावर तेव्हा पकड कमी होते, आणि त्याहून वाईट म्हणजे स्टिअरिंग वळवूनही गाडी वळत नाही. आपल्याकडच्या जुन्या अ‍ॅम्बॅसॅडर, पद्मिनीच्या काळात चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. त्या गाड्यांवर शिकलेले ड्रायव्हर पॅडल दाब-सोड, दाब-सोड करत. चाक जाम होऊ न देण्याची ही हातात असलेली एकच युक्ती होती आणि बिनएबीएसच्या गाडीत ती आजही बरोबर आहे.

हे काम यंत्राकडून करून घेण्याची गरज आधी विमानांना भासली. ओल्या धावपट्टीवर चाक जाम झालं की टायर फुटायचा. डनलॉप कंपनीची मॅक्सारेट ही यांत्रिक रचना 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला विमानांत आली, आणि 1966 मध्ये तीच जेन्सन एफएफ या ब्रिटिश मोटारीत बसली. पण रस्त्यावरच्या गाडीला खड्डे, वळणं, चार चाकांखाली चार तऱ्हेचा पृष्ठभाग असतो; यांत्रिक रचनेला तेवढी चपळाई जमत नव्हती. 1970 च्या सुमारास जर्मनीत झालेली पहिली इलेक्ट्रॉनिक आवृत्ती हजारेक सुट्या भागांची होती आणि टिकत नव्हती. डिजिटल चिप आल्यावर तेच काम सुमारे 140 भागांत मावलं. 1978 मध्ये बॉश या जर्मन कंपनीची एबीएस मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये मिळू लागली. तो संच सहा किलोच्या वर होता; पुढे तो दीड किलोच्या आत आला, आणि म्हणूनच छोट्या गाडीला परवडला.

आत काय घडतं ते असं. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावलं की ते जाम होणार हे कंट्रोल युनिटला कळतं. मग त्या चाकाच्या ब्रेककडे दाब नेणारी झडप बंद होते, म्हणजे दाब वाढत नाही. तरीही चाक मंदावत राहिलं तर बाहेरची झडप उघडून थोडं ब्रेक ऑईल, म्हणजे दाब वाहून नेणारं तेल, सोडलं जातं. चाक फिरायला लागलं की दाब परत चढतो, आणि पंप सोडलेलं ऑईल पॅडलनं दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलेंडरकडे ढकलतो. सेकंदात हे अनेकदा घडतं. पायाला जाणवणारी थरथर आणि बॉनेटखालची घरघर हीच. इथेच जुनी सवय नडते. थरथर जाणवली की घाबरून पाय सोडणारे किंवा दाब-सोड करणारे थांबण्याचं अंतर स्वतःच वाढवतात. एबीएसच्या गाडीत पॅडल पूर्ण दाबून तसंच धरायचं आणि मोकळ्या बाजूला स्टिअरिंग वळवायचं.

एबीएस असली की गाडी लवकर थांबतेच, हा मात्र गैरसमज आहे. तिचं मुख्य काम स्टिअरिंग हातात ठेवण्याचं. 80 च्या वेगात कोरड्या डांबरावर, पकड (घर्षण गुणांक) 0.7 धरली, तर नुसतं ब्रेकचं अंतर सुमारे 36 मीटर येतं. पावसात पकड 0.4 झाली की तेच 63 मीटर. भान येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदाचे 22 मीटर वेगळेच. खडी किंवा सुट्या तांबड्या मातीच्या रस्त्यावर तर एबीएसची गाडी कधी कधी जास्त लांब जाऊन थांबते, कारण जाम चाकापुढे मातीचा जो ढीग साचून अडथळा होतो तो फिरत्या चाकापुढे साचत नाही. गळीत हंगामात रायबाग, अथणी, हुक्केरीकडे डबल ट्रॉलीच्या मागे जाताना रस्त्यावर चिखल आणि पाचट असतं. तिथे अंतर राखण्याला पर्याय देणारं कोणतंही यंत्र नाही.

एबीएसनं एक प्रश्न तसाच ठेवला होता: ब्रेक न लावताच वळणावर गाडी घसरली तर? 1995 मध्ये बॉश आणि मर्सिडीझ यांनी त्याचं उत्तर रस्त्यावर आणलं, तीच आजची ईएससी. तिला तीन जास्तीच्या खबरा लागतात: स्टिअरिंग किती वळलं, गाडी स्वतःभोवती किती वेगानं फिरते आहे, आणि बाजूला किती ओढली जाते आहे. चालकाला जायचं तिकडे आणि गाडी निघाली भलतीकडे, असं दिसताच ती एकाच चाकाला ब्रेक लावते. गाडी वळायलाच तयार नसेल तर वळणाच्या आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला, शेपटी बाहेर पडत असेल तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. शिवाय इंजिनाची ताकद कमी करते. यासाठी झडपा आठाच्या बारा झाल्या, आणि पायाशिवाय दाब तयार करण्याचं काम पंपाकडे आलं. 1997 मध्ये स्वीडनमधल्या एका चाचणीत, अचानक समोर आलेला अडथळा चुकवताना मर्सिडीझची छोटी ए-क्लास उलटली. त्यानंतर कंपनीला त्या सगळ्या गाड्यांना ही यंत्रणा बसवावी लागली आणि महागड्या गाड्यांपुरती असलेली गोष्ट छोट्या गाड्यांत उतरली.

भारतात कायदा उशिरा आला. प्रवासी मोटारींच्या नव्या मॉडेलना एप्रिल 2018 पासून आणि सगळ्याच नव्या मोटारींना एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीची झाली. 125 सीसीच्या वरच्या दुचाकींनाही त्याच वेळी. ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाडीच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या चाचणीत, तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ईएससी लागते. त्यामुळे 2019 च्या आधीची गाडी घेताना तिच्यात एबीएस असेलच असं धरून चालू नये. चावी फिरवल्यावर एबीएसचा पिवळा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझायला हवा. मुळीच लागला नाही तर एक तर ती यंत्रणा नाही, नाही तर कुणी दिवा काढून बिघाड झाकला आहे.

दिवा विझलाच नाही तर साधा ब्रेक चालतो, एबीएस चालत नाही. सोबत ब्रेकचा लाल दिवाही असेल तर गाडी हलवू नये: ऑईल उतरलेलं असू शकतं किंवा पुढच्या-मागच्या चाकांत दाब वाटणारी ईबीडी गेलेली असते, आणि तेव्हा मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरते. नेहमीची कारणं साधीच असतात. सेन्सरवर लोखंडी कीस आणि चिखल, उंदरानं कुरतडलेली वायर, सेन्सर जिच्यावरून वेग मोजतो ती रिंग गंजून तडकलेली. व्हील बेअरिंग बदलताना चुंबकीय बाजू उलटी बसली तर सेन्सरला काहीच दिसत नाही. बेअरिंग नवं आणि दिवा चालू, असं झालं तर आधी हेच तपासावं.

जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरताना वेगळाच धोका असतो. 1200 किलोची गाडी 100 मीटर खाली आली की जवळपास 12 लाख ज्यूल ऊर्जा कुठे तरी जायला हवी. सतत ब्रेक धरला तर ती सगळी डिस्क आणि ड्रममध्ये जाते. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 दर्जाचं ऑईल नवं असताना 230 अंशांच्या वर उकळतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. ऑईल उकळलं की वाफ दाबली जाते आणि पॅडल तळाला जातं; लायनर तापले तर पॅडल घट्ट लागतं पण गाडी थांबत नाही. दोन्ही वेळी एबीएस आणि ईएससी काही करू शकत नाहीत. म्हणून दर दोन वर्षांनी ऑईल बदलायचं आणि घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिनाच्या ओढीनं उतरायचं. न्यूट्रल करून तर कधीच नाही, कारण इंजिन बंद पडलं तर पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची मदत दोन-तीन दाबांतच संपते.

ईएससीच्या गाडीचं स्टिअरिंगचं काम किंवा अलाइनमेंट केलं तर स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर स्कॅनर लावून शून्यावर आणून घ्यावा. तो राहिला तर सरळ रस्त्यावरही गाडीला वळण दिसतं आणि ती नको तेव्हा एखादं चाक धरते. चारही टायर एकाच मापाचे हवेत आणि खोबणी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेलेली नको, कारण वेगाचा सगळा हिशेब टायरच्या फेऱ्यांवरून होतो आणि पकडही तिथूनच येते.